अपडेट झाल्यापासून मेश वायफाय सारखं पडतंय – माची पेठ, सातारा

माचीकर | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी.

घर माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. खालचा मजला जुना, काळ्या दगडाचा, भिंती हात-दीड हात जाडीच्या. वरचे दोन मजले नंतरचे. एका राऊटरने भागेना म्हणून तीन डब्यांचा मेश संच घेतला, म्हणजे तिन्ही डबे मिळून घरभर एकच वायफाय. वायफाय ६ चा, दोन बँडचा, खोक्यावर एएक्स ३००० लिहिलेलं. मुख्य डबा पहिल्या मजल्यावर ओएनटीशेजारी (फायबरची लाईन जिथे येते तो डबा), दुसरा खाली आई-बाबांकडे, तिसरा गच्चीलगतच्या खोलीत. तिथे बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा 'तुमचा ब्रँडच फालतू' या वळणावर जातो आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

आजवर तक्रार नव्हती. या आठवड्यात पहाटे कधीतरी आपोआप फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि तेव्हापासून रोज वैताग. गच्चीवरच्या डब्याचा दिवा मधेच लाल होतो. फोनवर वायफायच्या कांड्या पूर्ण, पण नेट शून्य. एक-दोन मिनिटांनी आपोआप येतं. तोवर मीटिंगमधून मी बाहेर फेकला गेलेलो असतो. खालच्या डब्याचं दुखणं वेगळं. तो गेला की प्लग काढून घालेपर्यंत येत नाही, आणि कधी कधी जाताना अख्ख्या घराचं नेट घेऊन जातो. गिझरचा स्मार्ट प्लग तर अपडेटनंतर एकदाही जोडला गेलेला नाही. बाबांना पहाटे साडेपाचला गरम पाणी लागतं, त्यामुळे सध्या घरात वायफायपेक्षा गिझर हा मोठा विषय आहे.

अपडेटच्या माहितीत काय बदललं म्हणून पाहिलं, तर 'सिस्टिमची स्थिरता वाढवली' एवढी एकच ओळ.

केबलवाला येऊन गेला. ओएनटीला त्याचा लॅपटॉप लावून पूर्ण स्पीड दाखवला, चहा घेतला, 'लाईन ओके, तुमचा डबा गंडलाय' म्हणाला. डब्याच्या कस्टमर केअरचं म्हणणं, फॅक्टरी रिसेट करा. ते करण्याआधी इथे विचारतोय, कारण घरातली सगळी उपकरणं परत जोडायची म्हणजे एक रविवार गेला.

भडंग | शनिवार, रात्री १०:३१

आमच्या सांगलीत यावर एकच औषध. बंद करायचं, धा मोजायचे, चालू करायचं. निम्मी दुखणी तिथंच जात्यात. ह.घ्या. (हलकं घ्या)

बाकी धाग्यावर रुमाल टाकून ठेवतो. माझं पण विश्रामबागेतलं घर असंच त्रास देतंय.

टॉवर हटाव | शनिवार, रात्री १०:४५

माची पेठ म्हणजे किल्ल्यावरचा दूरदर्शनचा मनोरा डोक्यावर. त्या लहरींपुढे तुमच्या डब्याचं काय चालणार? घर बदला नाहीतर केबल वापरा.

पिंगळा | शनिवार, रात्री ११:०२

मनोऱ्याला यातून मोकळं करा. एफएम रेडिओ चालतो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर, टीव्हीचं प्रक्षेपणही हजार मेगाहर्ट्झच्या खालीच. वायफाय २४०० च्या आसपास आणि ५००० च्या वर. शिवाय मनोरा अपडेटच्या आधीही तिथेच होता.

माचीकर, रिसेट करू नका. रिसेटने लॉग, म्हणजे डब्याने ठेवलेली नोंद, पुसला जातो आणि आत्ता तुमच्याकडे पुरावा म्हणून तेवढाच आहे. आधी एवढं बघून सांगा.

मुख्य डब्याच्या सेटिंगच्या पानावर अपटाइम दिसतो, म्हणजे डबा शेवटचा चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते. नेट पडल्यावर तो आकडा शून्यापासून सुरू झालेला असेल तर डबा स्वतःच बंद पडून उठतोय. मग संशय अडॅप्टरवर, उष्णतेवर नाहीतर फर्मवेअर कोसळण्यावर. आकडा चालूच राहिला असेल तर डबा जिवंत आहे आणि मधला दुवा तुटतोय. या दोन आजारांची औषधं वेगळी. ते न बघता रिसेट करत बसण्यात अर्थ नाही.

दुसरं, ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल पॉवर असते, आरएक्स नावाने. तो आकडा उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मधे हवा. उणे २६, २७ दिसलं तर केबलवाल्याला परत बोलवा. स्पीड टेस्टच्या त्या मिनिटाला लाईन ठीक असते आणि रात्री पडते, असं काठावरच्या लाईनीत होतं.

तिसरं, लॅपटॉप मुख्य डब्याला केबलने जोडा. वायफायने नाही. तीन खिडक्या उघडून तिन्हीत पिंग सुरू ठेवा, म्हणजे समोरच्याला सारखी हाक मारून उत्तर येतंय का ते बघणं. एक मुख्य डब्याला, एक गच्चीवरच्या डब्याच्या आयपीला, एक बाहेर ८.८.८.८ ला. पुढच्या वेळी दिवा लाल झाला की कोणाचं उत्तर थांबलं ते बघा.

कंदी पेढा | शनिवार, रात्री ११:१०

पिंगळा नाव आणि पिंगचा सल्ला. पहाटे दारात येऊन भविष्य सांगून गेल्यासारखं वाटलं.

दुपारचा चहा | रविवार, सकाळी ८:१५

गोडोलीत राहते, मीही घरूनच काम करते. माझ्याकडे अपडेटनंतर वेगळाच प्रकार झाला होता. ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपला घरचं वायफाय दिसायचंच बंद झालं. यादीत शेजाऱ्यांची सगळी नावं, आमचंच गायब. अपडेटने वायफाय ६ चा मोड आपोआप चालू केला होता आणि लॅपटॉपमधल्या इंटेलच्या जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरला तो मोड कळत नव्हता. ड्रायव्हर नवा घातला, दिसायला लागलं. तुमच्या लक्षणांशी जुळत नाही, पण कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

पिंगळा | रविवार, सकाळी ८:४०

फार उपयोगी आहे. अपडेटनंतर बिघडतं त्यातलं बरंचसं असंच असतं. नवीन कोडमध्ये दोष निघतोही, नाही असं नाही. पण जास्त वेळा अपडेट तुम्ही कधीतरी हाताने लावलेली सेटिंग पुसून तिथे 'ऑटो' लिहून जातं, किंवा आधी बंद असलेली सोय चालू करून जातं. म्हणून 'फर्मवेअर खराब' म्हणण्याआधी 'काय काय ऑटो झालं' ते बघावं.

माचीकर | रविवार, दुपारी १:०५

उत्तरं आणली आहेत.

अपटाइम सलग चालू आहे, अपडेटच्या पहाटेपासून. म्हणजे मुख्य डबा एकदाही बसलेला नाही. ऑप्टिकल पॉवर उणे १९. पिंग लावून ठेवले होते. सकाळी दिवा लाल झाला तेव्हा मुख्य डबा आणि बाहेरचं, दोन्ही एकदम व्यवस्थित. गच्चीवरचा डबा गप्प.

म्हणजे केबलवाला खरं बोलत होता तर.

पिंगळा | रविवार, दुपारी १:२०

लाईन सुटली, मुख्य डबाही सुटला. दोन डब्यांमधला वायरलेस दुवा पडतोय, ज्याला बॅकहॉल म्हणतात. फोनवर कांड्या पूर्ण दिसत होत्या त्याचं कारण हेच. कांड्या फोन आणि जवळचा डबा यांच्यातलं नातं दाखवतात. त्या डब्याचं पुढे मुख्य डब्याशी बोलणं चालू आहे की नाही, ते त्यात दिसत नाही.

आता मुख्य डब्याचा सिस्टिम लॉग उघडा. लाल दिव्याच्या वेळेच्या आसपास काय लिहिलंय? आणि ५ गिगाहर्ट्झचा चॅनल आणि रुंदी काय दिसते?

माचीकर | रविवार, दुपारी १:४८

लॉगमध्ये त्या वेळेला ही ओळ आहे, आणि मागे स्क्रोल केलं तर अशा बऱ्याच आहेत:

'रडार डिटेक्टेड ऑन चॅनल ५२, स्विचिंग चॅनल'

रडार? माची पेठेत? चॅनल ऑटो आहे, रुंदी १६० मेगाहर्ट्झ. अपडेटच्या आधी ८० होती हे नक्की, कारण संच लावून देणाऱ्या पोराने ती माझ्यासमोर लावली होती.

कंदी पेढा | रविवार, दुपारी १:५५

रडार आहे की जवळच! मांढरदेवच्या डोंगरावर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ढगांच्या अभ्यासासाठी बसवलेलं. कोडं सुटलं.

पिंगळा | रविवार, दुपारी २:३०

कंदी पेढा, माहिती बरोबर, आरोपी चुकीचा. मांढरदेवचं रडार एक्स बँडचं. एक्स बँड म्हणजे ८ ते १२ गिगाहर्ट्झ. तुमचा राऊटर ५ वर ऐकतोय, त्याला ते ऐकूच येणार नाही. राऊटरची भानगड होते ती सी बँडच्या रडारांशी, कारण त्यातली काही ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात.

आता जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी गंमत इथेच आहे.

वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा एकसंध नाही. ३६ ते ४८ चॅनल मोकळे. ५२ ते ६४ आणि १०० च्या पुढचे १४४ पर्यंतचे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले. १४९ पासून पुढे परत मोकळे. वाटून घेतलेल्या भागात हक्क रडारचा, वायफाय पाहुणा. तिथे जायचं असेल तर राऊटरने आधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकायचं. चॅनल चालू असताना रडारसारखा स्पंद दिसला तर १० सेकंदांच्या आत तिथून बाहेर पडायचं आणि पुढची ३० मिनिटं त्या चॅनलवर फिरकायचं नाही. या नियमाला डीएफएस म्हणतात.

आता रुंदीचा हिशोब बघा. ८० मेगाहर्ट्झचा पट्टा ३६ ते ४८ मध्ये बरोबर बसतो, रडारच्या भागाला शिवतही नाही. १६० केला की तो ३६ पासून थेट ६४ पर्यंत जातो. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झमध्ये रडारचा भाग टाळून १६० चा पट्टा घ्यायला जागाच नाही. अपडेटने तुमची रुंदी १६० केली त्याच क्षणी तुम्ही न विचारता रडारच्या अंगणात गेलात.

आणि खरं रडार लागतंच असं नाही. आजूबाजूचा गोंगाट, दुसऱ्या राऊटरचे तुटक सिग्नल, कधी स्वतःच्याच डब्याचा आवाज, याला राऊटर रडार समजतो. ओळखण्याचा हा कोडही फर्मवेअरमध्येच असतो आणि आवृत्तीप्रमाणे तो कमी-जास्त घाबरट होतो.

एकच राऊटर असता तर फोनला क्षणभर झटका बसला असता, तुमच्या लक्षातही आलं नसतं. मेशमध्ये गच्चीवरचा डबा त्याच ५ गिगाहर्ट्झवरून मुख्य डब्याला लटकलेला. दोन बँडच्या संचात बॅकहॉलला वेगळा रेडिओ नसतो. मुख्य डबा चॅनल सोडून पळाला की मागचा त्याला शोधत बसतो, नवा चॅनल परत रडारच्या भागातला निघाला की वर ते ऐकण्याचं मिनिट. तुमची एक-दोन मिनिटं तीच.

रुंदी ८० करा, चॅनल ऑटो काढून ३६ लावा. तिथे शेजाऱ्यांची गर्दी असेल तर १४९. दोन्हीकडे रडारची अट नाही.

भडंग | रविवार, दुपारी २:४१

च्यायला, १६० केल्यावर स्पीड वाढतो म्हणून मी स्वतः यूट्यूब बघून केलंय.

पिंगळा | रविवार, दुपारी २:५०

वाढतो ना. डब्याशेजारी बसून स्पीड टेस्ट करायची असेल तर वाढतो. दगडी भिंतीपलीकडे रुंद पट्टा उलट लवकर दम टाकतो, कारण तेवढीच शक्ती दुप्पट रुंदीवर पसरते. दीडशे-दोनशे एमबीपीएसच्या प्लॅनला ८० भरपूर झालं.

माचीकर | रविवार, रात्री ९:३०

रुंदी ८०, चॅनल ३६ केला. दुपारपासून गच्चीवरचा दिवा हिरवा आहे, मुद्दाम लांबलचक व्हिडिओ कॉल लावून बसलो होतो. उद्या ऑफिसच्या दिवशी खरं काय ते कळेल, पण पिंगमध्ये एकही खंड नाही.

खालचा डबा मात्र संध्याकाळी परत गेला आणि या वेळी घरभर नेट बंद. पिंगमध्ये मुख्य डबाच उत्तर देईना, केबलने जोडलेल्या लॅपटॉपलाही नाही. लॉगमध्ये रडार नाही.

एक सांगायचं राहिलं. खालच्या डब्याला मुख्य डब्यापासून लॅन केबल आहे. दगडी भिंतीतून वायफाय जात नाही म्हणून ओढून घेतली होती. मधे एक पाच पोर्टचा स्विच, त्याच स्विचवर कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा).

जुना लाइनमन | रविवार, रात्री ९:५२

आयुष्य टेलिफोनच्या तारांत गेलं, म्हणून विचारतो. नेट पडतं तेव्हा त्या स्विचचे दिवे कसे लुकलुकतात? प्रत्येक आपापल्या तालात, की सगळे एकदम, वेड्यासारखे?

माचीकर | रविवार, रात्री १०:०५

काका, सगळे एकदम. आईने तर 'दिवाळीची माळ लागलीय का' म्हणून विचारलं होतं.

जुना लाइनमन | रविवार, रात्री १०:१८

मग लूप आहे. पॅकेट एका वाटेने जातंय आणि दुसऱ्या वाटेने परत येतंय. गावभर तेच फिरत राहतं आणि बाकीच्यांना रस्ता मिळत नाही. पुढचं पिंगळा सांगतील, तुमच्या ॲपमधलं मला समजत नाही. मी केबलचं बघतो. ती कोणी ओढली? कॅमेरेवाल्याने?

माचीकर | रविवार, रात्री १०:२१

हो, कॅमेरेवाल्यानेच. कसं ओळखलंत?

जुना लाइनमन | रविवार, रात्री १०:४०

त्यांची सवय असते. कॅमेऱ्याला आठातल्या चार तारा पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. तेवढ्याच क्रिंप करतात (टोकाच्या प्लगमध्ये दाबून बसवतात), बाकीच्या कापून टाकतात. त्यावर १०० एमबीपीएसची लिंक बनते आणि चालते. १००० ची लिंक हवी तर आठही तारा लागतात. स्विचवर त्या पोर्टच्या दिव्याचा रंग किंवा डब्याच्या पानावर लिंक स्पीड बघा. १०० दिसलं तर दोन्ही टोकं कापून परत क्रिंप करून घ्या. केबल आतून तांब्याची आहे का हेही तेव्हाच कळेल. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. चाकूने खरवडली की पांढरी दिसते. ती लांब ओढायला घेऊ नये, वाकवली की तुटते.

आणि किल्ल्याच्या पायथ्याला आहात, गच्चीवर उघडी केबल असेल तर पाइपात घाला. वानरं तिला झोका समजतात.

पिंगळा | रविवार, रात्री ११:०५

काकांनी निम्मं काम केलं. ॲपमध्ये 'इथरनेट बॅकहॉल' नावाची कळ शोधा. माझा अंदाज, अपडेटनंतर ती बंद झाली असणार. ती चालू असते तेव्हा डबा केबल दिसताच वायरलेस दुवा सोडून देतो. बंद असेल तर काही संचांत डबा वायरलेसनेही मुख्य डब्याला चिकटतो आणि केबलनेही. दोन वाटा, दोन्ही उघड्या, मधे साधा स्विच ज्याला लूप ओळखता येत नाही. एखादं उपकरण सगळ्यांना उद्देशून हाक मारतं, ती हाक गोल फिरत वाढत जाते आणि पाच-दहा सेकंदांत घर बंद.

कळ चालू करा, खालचा डबा एकदा रीस्टार्ट करा. आणि जोडणी अशी हवी: ओएनटी ते मुख्य डब्याचा वॅन पोर्ट (बाहेरून नेट आत येतं तो), मुख्य डब्याच्या लॅनपासून स्विच, स्विचपासून खालचा डबा आणि एनव्हीआर. ओएनटीची तार कोणत्याही कारणाने त्या स्विचमध्ये जाता कामा नये. ती गेली की खालच्या डब्याला पत्ता ओएनटीकडून मिळतो, मुख्य डब्याकडून नाही, आणि मेश फुटतं.

दुपारचा चहा | सोमवार, सकाळी ७:५०

गिझरचं काय झालं? माझा जीव तिकडे अडकलाय.

पिंगळा | सोमवार, सकाळी ९:१०

गिझरचा प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारा असणार, बहुतेक स्वस्त प्लग तसेच असतात. वायफायच्या सुरक्षेचा पर्याय बघा. अपडेटने डब्ल्यूपीए२ चं 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' केलं असेल तर हेच कारण. डब्ल्यूपीए३ मध्ये पीएमएफ नावाचं जास्तीचं संरक्षण सक्तीचं आहे, मिश्र प्रकारात ते ऐच्छिक. पण जुन्या, साध्या चिपला नुसतं ते समोर आलं तरी गोंधळायला होतं. जोडणी सुरू करतात आणि अर्ध्यात सोडतात.

सगळ्या घराची सुरक्षा खाली आणू नका. बहुतेक संचांत 'आयओटी नेटवर्क' म्हणून वेगळं नाव काढता येतं. ते फक्त २.४ वर, डब्ल्यूपीए२ वर ठेवा. गिझर, बल्ब, कॅमेरे तिकडे. ते नसेल तर गेस्ट नेटवर्क. तिथे 'फास्ट रोमिंग'ही (एका डब्यावरून दुसऱ्यावर पटकन जाण्याची सोय) बंद ठेवा. जुने प्रिंटर त्याच्यावर रुसतात.

टॉवर हटाव | सोमवार, सकाळी ९:४०

एवढी उठाठेव करण्यापेक्षा जुनं फर्मवेअर परत टाकलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

पिंगळा | सोमवार, सकाळी १०:२५

कधी कधी तोच मार्ग असतो, नाकारत नाही. पण तीन अडचणी. काही कंपन्या मागे जाऊच देत नाहीत. नव्या आवृत्तीत सुरक्षेची भगदाडं बुजवलेली असतील तर मागे गेलं की ती परत उघडी. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे हार्डवेअर आवृत्ती. डब्याच्या तळाला व्ही १, व्ही २ असं लिहिलेलं असतं. नाव तेच, आतली चिप वेगळी. व्ही १ ची फाइल व्ही २ मध्ये घातली की डब्याची वीट होते, आणि वॉरंटीवाले हात वर करतात.

मागे जायचंच असेल तर डब्यावरचा नंबर डोळ्यांनी वाचून, कंपनीच्याच पानावरून, केबल लावून. वायफायवरून नाही. आणि नंतर जुनं बॅकअप रिस्टोअर करण्याऐवजी सेटिंग हाताने लावा. बॅकअपमध्ये नको ती सेटिंगही जशीच्या तशी परत येते, मग माणूस महिनाभर त्याच विहिरीभोवती फिरतो.

जुना लाइनमन | सोमवार, सकाळी ११:००

अवांतर: वळवाच्या दिवसांत गच्चीवर जाणारी तांब्याची लॅन केबल कडकडाट सुरू झाला की डब्यातून काढून ठेवावी. फायबरमधून वीज येत नाही, पण तांब्यातून येते. मी जळालेली पोर्टं पुष्कळ पाहिली आहेत.

माचीकर | मंगळवार, रात्री ९:१५

सविस्तर हालहवाल.

इथरनेट बॅकहॉलची कळ खरोखरच बंद सापडली. चालू केल्यापासून स्विच शांत. खालच्या डब्याची लिंक १०० चीच होती, काकांनी सांगितल्याप्रमाणे चार ताराच क्रिंप केलेल्या. पोवई नाक्यावरून एक ओळखीचा पोरगा येऊन आठही तारा बसवून गेला, आता १००० दिसतात. खाली बाबांचं कीर्तन टीव्हीवर न अडकता चालतं.

सुरक्षा मिश्र झालेली होती. आयओटीचं नाव वेगळं काढलं, गिझर पहिल्याच फटक्यात जोडला गेला. पहाटे साडेपाचचं पाणी सुरळीत सुरू आहे, ताई.

गच्चीवरचा डबा ऑफिसचे दोन्ही दिवस एकदाही लाल झाला नाही. स्पीड डब्याजवळ आधीपेक्षा कमी दाखवतो हे खरं. माझ्या कामाला पुरून उरतो.

आपोआप अपडेट बंद केलं. सुट्टीच्या दिवशी हाताने करायचं ठरवलं आहे, आणि त्याआधी सगळ्या सेटिंगच्या पानांचे फोटो फोनमध्ये. कंपनीला लिहिलं की रुंदी आणि बॅकहॉल न विचारता बदलू नका. उत्तर आलं, 'कृपया फॅक्टरी रिसेट करून पाहा.'

दुपारचा चहा | मंगळवार, रात्री ९:२२

हाबिणंदन! वाचनखूण साठवली आहे.

मिरजेचा तंबोरा | बुधवार, दुपारी १२:१०

उशिरा येतोय. माझ्याकडेही मेश, माझ्याकडेही अपडेटनंतर सुरू झालं, त्यामुळे वाचून लगेच रुंदी ८० केली, चॅनल ३६ केला, इथरनेट बॅकहॉल तपासला. फरक शून्य. संध्याकाळी सातच्या पुढे हमखास पडतं. दिवसा ठीक.

पिंगळा | बुधवार, दुपारी १२:३५

अपटाइम किती दिसतो? लॉगमध्ये रडार आहे का? आणि डब्याला वीज कशावरून दिली आहे?

मिरजेचा तंबोरा | बुधवार, रात्री ८:०५

लॉगमध्ये रडार नाही. अपटाइम संध्याकाळी परत परत शून्यावर येतो. वीज एका मिनी यूपीएसवरून. ओएनटी आणि मुख्य डबा दोन्ही त्याच्यावरच.

जुना लाइनमन | बुधवार, रात्री ८:२०

मिनी यूपीएसवर काय लिहिलंय? आणि डब्याच्या मूळ अडॅप्टरवर?

मिरजेचा तंबोरा | बुधवार, रात्री ८:३१

यूपीएसवर १२ व्होल्ट २ ॲम्पिअर. डब्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट दीड ॲम्पिअर, ओएनटीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १.

जुना लाइनमन | बुधवार, रात्री ८:४०

दीड आणि एक मिळून अडीच. देणारा दोनचा. दिवसा घरात कोणी नसतं तेव्हा डबा कमी ओढतो, निभावतं. संध्याकाळी सगळे फोन, टीव्ही सुरू झाले की जास्त ओढतो, व्होल्टेज बसतं, डबा उठ-बस करतो. अपडेटनंतर रेडिओ जास्त जोराने चालायला लागला असेल तर जी कसर आधी भागत होती ती आता भागत नाही. डबा आज रात्री त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवर लावा. यूपीएसवर फक्त ओएनटी.

मिरजेचा तंबोरा | गुरुवार, रात्री १०:५०

काल रात्रीपासून मूळ अडॅप्टरवर आहे. आजची संध्याकाळ पडलं नाही, अपटाइम कालपासून सलग. डब्यासाठी वेगळा ३ ॲम्पिअरचा यूपीएस मागवतोय. काका, पिन ५.५ बाय २.१ ची घ्यायची की २.५ ची?

जुना लाइनमन | गुरुवार, रात्री ११:०२

डब्याच्या मूळ अडॅप्टरची पिन दुकानात घेऊन जा आणि लावून बघूनच घ्या. २.१ ची पिन २.५ च्या खाचेत जात नाही. उलटं केलं तर जाते, पण सैल बसते, आणि मग तुम्ही परत इथे येऊन नवा धागा काढाल.